मैदानावरील पाठ : पारंपरिक खेळांतून सहकार्याचे शिक्षण

शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो. परंतु परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी तोच तास गणिताला किंवा इंग्रजीला दिला जातो. पालकही त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. अभ्यासातून उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट म्हणजे खेळ, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. जेथे हा तास नियमित होतो तेथेही पुष्कळदा एक चेंडू मैदानात टाकून मुलांना मोकळे सोडले जाते. मग आठ-दहा चपळ मुले खेळतात आणि बाकीची कडेला बसून पाहतात. ही बसलेली मुले कोण असतात? अंगाने स्थूल, लाजरी, वर्गात नव्याने आलेली, कोणाशी फारशी मैत्री नसलेली. म्हणजे ज्यांना धावण्याची आणि सवंगड्यांची सर्वांत जास्त गरज आहे, तीच मुले बाहेर राहतात.

प्रस्तुत लेखात आपले पारंपरिक खेळ वापरून मुलांना सहकार्य आणि नियमित हालचालीची सवय कशी लावता येईल, याचा विचार केला आहे. शिक्षक, पालक, संस्थेचे कार्यकर्ते आणि लहान मुलांचे खेळ घेऊ शकतील असे वरच्या वर्गातील विद्यार्थी, या सर्वांना तो उपयोगी पडावा अशी अपेक्षा आहे.

१. सहकार्य नियमातून येते

"खेळामुळे संघभावना वाढते" हे वाक्य आपण बक्षीस समारंभात नेहमी ऐकतो. ते अर्धेच खरे आहे. खेळ आपोआप सहकार्य शिकवीत नाही. त्याचे नियम ते शिकवितात. नियम जसे असतील तशी वृत्ती तयार होते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या कबड्डीत सापडते. हा खेळ पूर्वी मुख्यतः तीन प्रकारांनी खेळला जात असे : गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा उठतो. अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि खेळ पुढे चालू राहतो. मैदान तेच, दम तोच, पकड तीच. फक्त एक नियम बदलला की कच्च्या खेळाडूचे नशीब बदलते. गामिनीत तो पहिल्या मिनिटाला बाद होऊन शेवटपर्यंत मातीत रेघोट्या ओढीत बसेल. संजीवनीत त्याला उठविण्यासाठी त्याचे भिडू धडपडतील. अमरमध्ये तो चुकत चुकत शिकेल. आजच्या स्पर्धात्मक कबड्डीत संजीवनीचे तत्त्व आहे. स्पर्धेसाठी ते योग्यच आहे. परंतु प्राथमिक शाळेतील मुलांना कबड्डी शिकविताना सुरुवात अमर प्रकाराने करावी, हे अधिक हिताचे होय.

खो-खोचे पाहा. पाठलाग करणाऱ्या संघातील आठ गडी एका रांगेत आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. धावणाऱ्याला बसलेल्या गड्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय बदलता येत नाही. म्हणून कितीही वेगवान मुलगा असला तरी त्याला एकट्याने सगळे गडी बाद करता येत नाहीत. त्याला थांबून बसलेल्या भिडूला पाठीमागून "खो" द्यावाच लागतो, म्हणजे आपली जागा आणि आपली संधी दुसऱ्याला द्यावी लागते. "मिळून मिसळून वागा" असे सांगणारा दहा ओळींचा पाठ जे शिकवीत नाही, ते हा नियम शिकवितो.

आट्यापाट्यांतही हेच तत्त्व आहे. प्रत्येक पाटी धरणारा आपल्याच रेषेवर हालचाल करू शकतो. शेजारच्या पाटीवरील गडी आणि मधल्या सूरपाटीवरील गडी यांच्याशी नजर जुळवून उभे राहिल्याशिवाय कोणालाही अडविता येत नाही.

२. तासाचे साधे गणित

सक्रिय सवय लागावयाची तर मुलाचे शरीर प्रत्यक्ष हलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार शारीरिक हालचाल करावयास हवी. आता आपला खेळाचा तास तपासून पाहू.

वर्गात ४० मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे, असे धरू. मैदानावर जाणे आणि रांग लावणे यात ५ मिनिटे गेली. ३० मिनिटे उरली. शिक्षकांनी २०-२० मुलांच्या दोन रांगा करून धावून येण्याची शर्यत लावली. एका मुलाला जाऊन येण्यास २० सेकंद लागतात. म्हणजे एक फेरी पूर्ण होण्यास ४०० सेकंद लागतील आणि अर्ध्या तासात चार फेऱ्या होतील. प्रत्येक मूल एकूण ८० सेकंद धावेल आणि उरलेली २८ मिनिटे ४० सेकंद उभे राहील.

आता याच मुलांच्या पाच-पाच जणांच्या आठ रांगा करा. एक फेरी १०० सेकंदांत होईल, अर्ध्या तासात १८ फेऱ्या होतील आणि प्रत्येक मूल ३६० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे धावेल. मैदान वाढले नाही, साहित्य वाढले नाही, तरी हालचाल साडेचार पट झाली. साखळीसारखा खेळ घेतला तर जवळजवळ सर्व वेळ सर्व मुले धावतील. खेळ निवडताना प्रत्येक शिक्षकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या क्षणी किती मुले बसून आहेत?

३. गडी कसे वाटावेत?

दोन हुशार खेळाडूंना पुढारी करून त्यांना एकेक गडी निवडू देण्याची पद्धत सोपी वाटते. पण तिच्यात एक मूल नेहमी शेवटी उरते. "याला तुम्ही घ्या", "नको, तुम्हीच घ्या" असे त्याच्या तोंडावर बोलले जाते. असा प्रसंग आठवड्यातून दोनदा, वर्षभर घडला तर त्या मुलाच्या मनावर काय कोरले जात असेल? एकेकाळी शाळेत ज्यांच्या मुलांना वेगळे बसविले गेले, त्या समाजाला हे अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर उपाय आपल्या खेळांच्या परंपरेतच आहे. साधारण सारख्या ताकदीच्या दोन-दोन मुलांनी जोडी करावयाची, बाजूला जाऊन आपापसांत गुप्त नावे ठेवावयाची आणि खांद्यावर हात टाकून पुढाऱ्यांसमोर यावयाचे. एकाचे नाव आंबा, दुसऱ्याचे फणस. पुढारी फळ मागतो. कोणता मुलगा मिळणार हे त्याला ठाऊक नसते. संघ आपोआप तुल्यबळ होतात आणि कोणीही नको असलेला ठरत नाही.

दुसरी अशीच उत्तम प्रथा म्हणजे "कच्चा लिंबू". लहान भावंडाला किंवा नवख्याला खेळात घ्यावयाचे, धावू द्यावयाचे, पण बाद झाला तरी त्याच्यावर राज्य द्यावयाचे नाही. मुलांनी स्वतःहून केलेली ही सवलत फार मोलाची आहे. मात्र ती शिडीची पहिली पायरी असावी. मोठ्या मुलाला वर्षभर कच्चा लिंबू ठेवणे हा त्याचा अपमान होय. दोन-तीन दिवसांनी त्यालाच विचारावे, "आता पक्का होतोस का?"

परंपरेतील सर्वच चांगले होते असेही नाही. ज्याच्यावर राज्य आहे त्याला मुद्दाम दमवून रडकुंडीला आणणे, म्हणजे पिदविणे, हेही जुनेच आहे. त्यासाठी एक नियम करावा : तीन मिनिटांत कोणी सापडले नाही तर राज्य दुसऱ्याकडे जाईल.

४. निवडक खेळ

(अ) साखळी : साहित्य काही नाही. एकावर राज्य. तो ज्याला शिवेल त्याने त्याचा हात धरावा आणि दोघांनी मिळून तिसऱ्याला पकडावे. साखळी वाढत जाते. टोकाच्या दोघांचेच मोकळे हात शिवू शकतात. साखळी तुटलेली असताना शिवले तर ते धरावयाचे नाही. पुढच्याने ओढले आणि मागचा पडला तर सगळेच थांबतात, हे मुलांना दोन मिनिटांत कळते. मग वेगवान मुले आपोआप वेग आवरतात. मोठ्या वर्गात साखळी चार जणांची झाली की तिच्या दोन जोड्या कराव्यात. या खेळात मुलांना एकमेकांचे हात धरावेच लागतात. आपल्या भाषेत "शिवाशिव" या शब्दाला मोठा कडू इतिहास आहे. मैदानावर मात्र जो शिवला गेला तो आपल्यात आला, असा त्याचा अर्थ होतो.

(आ) विषामृत : दोघा-तिघांवर राज्य. ते ज्याला शिवून "विष" म्हणतील त्याने जागीच उभे राहावयाचे. दुसऱ्या कोणी येऊन त्याला शिवून "अमृत" म्हटले की तो सुटतो. स्वतः पळून वाचणे सोपे असते. अडकलेल्याला सोडविण्यासाठी धोका पत्करून परत येणे हे या खेळाचे सार आहे. खेळ संपल्यावर "कोण जास्त वेळ वाचला?" असे न विचारता "कोणी किती जणांना सोडविले?" असे विचारावे.

(इ) लगोरी : सात चपट्या ठिकऱ्या आणि एक मऊ चेंडू. एक संघ चेंडूने लगोरी पाडतो आणि प्रतिपक्षाचा चेंडू चुकवीत ती पुन्हा रचतो. येथे कामाची वाटणी आपोआप होते. नेम असलेला पाडतो, पळणारा चेंडूवाल्याला हुलकावणी देतो आणि स्थिर हाताचा मुलगा रचतो. हळू धावणाऱ्या पण शांत डोक्याच्या मुलाला महत्त्व मिळवून देणारा हा खेळ आहे. चेंडू कापडी किंवा रबरी असावा आणि कमरेच्या खालीच मारावा.

(ई) लहान खो-खो : पूर्ण मैदानावर एका वेळी पाठलाग करणारे ९ आणि पळणारे ३, असे १२ जण असतात, ४० च्या वर्गात २८ जण बाहेर राहतील. म्हणून दहा-दहा मुलांची चार छोटी मैदाने आखावीत. पाच बसलेले, एक पाठलाग करणारा, चार पळणारे. ज्याने पकडले तो पळणाऱ्यांत जाईल आणि पकडला गेलेला पाठलाग करील. खांब नसले तर दोन्ही टोकांना रेघ चालते.

(उ) फुगडी : ही केवळ मुलींची, अशी समजूत सोडून द्यावी. दोघांनी हात तिढा घालून धरावयाचे, पाय जवळ आणून अंग मागे टाकावयाचे व गरगर फिरावयाचे. एकाने हात सोडला की दोघेही पडतात. येथे जिंकणारा कोणीच नसतो. जमले तर दोघांचे जमते. जमीन मऊ असावी व जोडी सारख्या उंचीची असावी.

(ऊ) लंगडी : जागा थोडी लागते आणि दम व तोल चांगला सुधारतो. पहिली-दुसरीच्या मुलांना लहान चौकोनात दोघांनी एकदम लंगडी घालून पकडू द्यावे. पाय बदलण्यास मुभा ठेवावी.

५. बाद करणारे खेळ थोडे बदलून घ्यावेत

संगीत खुर्ची स्नेहसंमेलनात हमखास असते. तिच्यात पहिल्यांदा बाद होणारे मूल सर्वांत जास्त वेळ बसते. खुर्च्यांऐवजी वर्तमानपत्राचे कागद पसरावेत. गाणे थांबले की कागद कमी करावयाचे, मुले नाही. उरलेल्या कागदांवर सर्वांनी मावले पाहिजे. शेवटी दोन कागदांवर दहा मुले एकमेकांना धरून उभी राहतात तेव्हा जो हशा पिकतो, तो एकट्या विजेत्याच्या टाळ्यांपेक्षा कमी नसतो.

"मामाचे पत्र" मुलांना फार आवडते. परंतु चाळीस जणांच्या एका रिंगणात दोघेच धावतात आणि अडतीस बसतात. आठ-आठ जणांची पाच रिंगणे केली की दोघांऐवजी दहा जण धावू लागतात. रुमाल उचलण्याच्या खेळात एका क्रमांकाऐवजी तीन क्रमांक एकदम पुकारावेत.

"डोंगर का पाणी" मध्ये चुकणाऱ्याला बाहेर काढण्याऐवजी त्याने पाच उड्या मारून परत यावे. उड्या शिक्षा म्हणून मारावयास लावू नयेत. व्यायाम ही शिक्षा झाली की त्याची गोडी कायमची जाते. चुकणाऱ्याबरोबर शिक्षकांनीही उड्या माराव्यात, म्हणजे प्रश्न मिटतो.

ज्याला धावता येत नाही अशा दिव्यांग मुलाला गुण लिहिण्याच्या कामावर बसवून मोकळे होऊ नये. लगोरी रचणे, विषामृतात ठरलेल्या जागी उभे राहून अमृत देणे अशा खऱ्या भूमिका त्याला द्याव्यात. त्याच्यासाठी नियम कसा बदलावा हे मुलांनाच विचारावे. ती फार चांगली उत्तरे देतात.

६. खेळानंतरची पाच मिनिटे

खेळ संपताच मुलांना वर्गात पिटाळू नये. पाच मिनिटे गोल बसवून तीन प्रश्न विचारावेत : आज तुला कोणी मदत केली? कोणाला खेळावयास कमी मिळाले? उद्या कोणता नियम बदलू या? उत्तरांवर शिक्षकांनी प्रवचन करू नये, फक्त ऐकावे आणि सुचविलेला एखादा नियम दुसऱ्या दिवशी खरोखर वापरून पाहावा. आपण केलेला नियम आपणच पाळावयाचा असतो, हा नागरिकशास्त्राचा पहिला धडा मुले येथे शिकतात. "रडीचा डाव" कोणी खेळला तर त्याचा निवाडाही याच गोलात व्हावा.

७. सवय घरापर्यंत कशी न्यावी?

शाळेचा तास कितीही चांगला घेतला तरी ६० मिनिटे भरणार नाहीत. उरलेली हालचाल घराजवळच व्हावयास हवी. पारंपरिक खेळांचे खरे महत्त्व येथे आहे. त्यांना वर्गणी लागत नाही, गणवेश लागत नाही. ठिकऱ्या, खडू आणि चार मित्र एवढ्यावर ते उभे राहतात. शाळेत शिकलेली लगोरी मूल संध्याकाळी गल्लीत लावू शकते. जिमखान्यातला खेळ त्याला घरी आणता येत नाही. म्हणून प्रत्येक खेळ मुलांना स्वतः मांडता आला पाहिजे. मैदान आखणे, गडी वाटणे, पंच होणे ही कामे आळीपाळीने सर्वांकडे द्यावीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य यांचा उल्लेख आहे. पालकांनी शाळेच्या बैठकीत त्याविषयी जरूर विचारावे. परंतु शाळा सुटल्यावरची जागा ही आपली जबाबदारी आहे. समाजमंदिराचे आवार सभेच्या दिवसाखेरीज रिकामे असते. तेथे दररोज संध्याकाळी एक तास लहान मुलांना खेळू द्यावे आणि नववी-दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनी आठवडाभर पाळीने त्यांची देखरेख करावी. यास खर्च काहीही नाही. एक काळजी घ्यावी : मुली येतात की नाहीत याची नोंद ठेवावी. ज्या घरी मुलगी त्याच वेळी पाणी भरते व धाकट्याला सांभाळते, त्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलावे. कडेवरचे भावंड घेऊन ती आली तरी चालेल. तो आपला कच्चा लिंबू.

"खेळून काय मिळणार?" असे विचारणारे पालक भेटतात. त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९९० मध्ये बीजिंग येथील आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु शाळेपुढचा प्रश्न मैदानात उतरणाऱ्या नऊ जणांचा नाही, कडेला बसलेल्या एकतीस जणांचा आहे. त्यांतील बहुतेकांना पदक मिळणार नाही. त्यांना निरोगी शरीर मिळेल, हाक मारली तर येणारे चार भिडू मिळतील आणि आपणही कोणाला तरी सोडवून आणू शकतो हा विश्वास मिळेल. तो आयुष्यभर पुरेल.

तेव्हा शिक्षकबंधू-भगिनींनो, पालकांनो आणि विद्यार्थी मित्रांनो, येत्या सोमवारपासून एवढेच करून पाहू या. आठवड्यातून दोन तास हे खेळ घ्यावेत, गडी जोडीने वाटावेत आणि दर पाच मिनिटांनी मैदानावर नजर टाकून बसलेली मुले मोजावीत. महिन्याअखेर हा आकडा शून्यावर आला तर पाठ चांगला झाला असे समजावे.

स्वाध्याय

१) तुमच्या गल्लीत खेळल्या जाणाऱ्या तीन खेळांची नावे लिहा. त्यांपैकी कोणत्या खेळात बाद झालेला गडी पुन्हा येऊ शकतो?

२) घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणीचा एक खेळ विचारा आणि त्याचे नियम क्रमाने लिहून काढा. त्या वेळी तो खेळ कोणाला खेळू दिला जात नव्हता, हेही विचारा.

३) बाद करणारा एखादा खेळ घ्या व कोणीही बसून राहणार नाही असा त्यात एक नियम बदला. तो खेळून पाहा आणि वर्गाला सांगा.